सुरू होण्याआधीचं बोलणं

चार वर्षं एका खासगी शाळेत मराठी शिकवल्यावर, सत्ताविसाव्या वर्षी, मी चित्रपटकलेच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. कुणी विचारलं की ‘एम.ए. करतेय’ एवढंच सांगायची आणि पुढचं गिळून टाकायची. नातेवाइकांना वाटायचं, बढतीसाठी चाललं असेल काहीतरी. मम्मीला खरं माहीत होतं आणि तिला ते अजिबात पसंत नव्हतं. पप्पांनाही खरं माहीत होतं, पण त्यांना पसंत आहे की नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदाच विचारलं, “किती वर्साचं हाय?” म्हटलं, दोन. “मग कर की,” म्हणाले आणि चावी उचलून ड्यूटीवर गेले.

ही चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा. पप्पा पाणीपुरवठ्यात लाइनमन होते. रस्त्यातल्या खड्ड्यात चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, एका गल्लीला पाणी सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे हर्सूलच्या बाजूला त्यांना न ओळखणारं घर सापडणं अवघड. पण त्यांचा खरा मान वेगळ्या कामासाठी होता. आम्ही बौद्ध. आमच्यात लग्न, नामकरण, कुणी गेलं तर नंतरचा विधी हे सगळं बौद्धाचार्य करतात, आणि आमच्या भागाचे बौद्धाचार्य पप्पा. सुटीच्या दिवशी पांढरे कपडे घालून निघायचे. ते पुढं म्हणणार, लोक मागं म्हणणार. लाइट गेली, माइक बंद पडला तरी त्यांचा आवाज मंडपातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. मला त्याचं काही विशेष वाटत नसे. जन्मापासून कानावर पडणाऱ्या आवाजाकडे कोण लक्ष देतं?

आमचा विभाग म्हणजे तीन खोल्या आणि एक काळ्या पडद्यांचा हॉल. वर्गात आम्ही अकरा जण. मी सगळ्यांत मोठी, त्यामुळे पहिले पंधरा दिवस मला ‘ताई’ म्हणत होते. मी एकदोघांना झापल्यावर ते बंद झालं. पहिलं अख्खं सत्र सरांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. बसस्थानकावर बसवायचे आणि वहीत दोन रकाने करायला लावायचे, एकात काय दिसलं, दुसऱ्यात काय ऐकू आलं. दिसलेल्याचा रकाना सगळ्यांचा भरून वाहायचा. ऐकलेल्याच्या रकान्यात ‘गोंगाट’ असा एक शब्द लिहून आम्ही चहाला पळायचो. सर त्यावर लाल पेनानं फक्त ‘कुणाचा?’ असं लिहून वही परत द्यायचे.

पुढं कॅमेरा हातात आला आणि वागणंच बिघडलं. मावशी वारली तेव्हा बायका रडत होत्या आणि मी मनात ठरवत होते की खिडकीतला उजेड मावशीच्या पायांवर पडलाय, तर शॉट पायांकडून घ्यावा. क्षणभरच, पण ठरवलं. मग स्वतःचीच इतकी किळस आली की उठून मोरीवर गेले आणि तोंड धुतलं. वर्गात हे सांगितल्यावर निम्म्यांनी माना डोलावल्या. त्यांनाही होत होतं. त्याबद्दल काय करायचं ते कुणी शिकवलं नाही, आणि मला वाटतं ते शिकवता येत नसावं.

आमच्या विभागाची एक रीत होती. शॉटच्या आधी दिग्दर्शकानं मोठ्यानं विचारायचं, “साउंड?” आवाजवाल्यानं यंत्राकडे बघून उत्तर द्यायचं, “रोलिंग.” मग “कॅमेरा?” त्यालाही उत्तर, “रोलिंग.” दोन्ही उत्तरं आल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही. आणि एकट्यानं कधीच शूट करायचं नाही. यंत्र चालू आहे की नाही हे दुसऱ्यानं सांगायचं, कारण शूट करणाऱ्याला सगळं चालूच आहे असं वाटत असतं, असं सर म्हणायचे. मला हे शाळेतल्या कवायतीसारखं वाटे. चार फुटांच्या खोलीत तीन माणसं, आणि एकमेकांना ओरडून विचारतायत! मी थट्टेनं जेवताना डबा उघडायच्या आधीसुद्धा “भाजी?” म्हणून ओरडायची आणि वर्ग हसायचा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पप्पांचा आवाज बसला. आधी सर्दी समजलो. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. मग एका लग्नात विधी चालू असताना त्यांचा आवाज मध्येच फाटला आणि निघेचना. लोकांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग पुढच्या ओळी आपणच म्हटल्या. घरी येऊन मम्मीनं हे सांगितलं तेव्हा पप्पा भिंतीकडे तोंड करून कपडे बदलत होते. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गाठ स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल. श्वासासाठी गळ्याला भोक राहील. बोलणं राहणार नाही. ऑपरेशनला नऊ दिवस होते.

लाज वाटते लिहायला, पण डॉक्टर बोलत असतानाच मला फिल्म सुचली. वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एक फिल्म करून द्यायची होती आणि माझा विषय ठरत नव्हता. पप्पांचा आवाज! सगळे विधी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि ते आजोबांकडून कसे शिकले ते त्यांच्याच तोंडून. मुलगी म्हणून मला तो आवाज हवा होता की विद्यार्थिनी म्हणून, हे तेव्हाही सांगता आलं नसतं. दोन्ही खरं होतं.

मला आधी वाटलं, आवाज तर चिकार ठिकाणी असेल, त्यांनी लावलेल्या लग्नांचे व्हिडिओ घरोघर आहेत. तीन दिवस फिरून आठ-दहा व्हिडिओ गोळा केले. सगळ्यांत पप्पा दिसतात, ओठ हलतात, आणि वर सिनेमाची गाणी! व्हिडिओवाल्यांनी विधीचा सगळा भाग कंटाळवाणा म्हणून मूळ आवाज काढून गाणी चिकटवलेली. मी एकाला फोन करून मूळ फाइल आहे का विचारलं. म्हणाला, “मॅडम, वो तो कब का उडा दिया. कुणी मागतच नाय ना.” मी त्याला नको ते बोलले. त्याची काही चूक नव्हती.

आता जे करायचं ते मलाच करायचं होतं. पप्पांना दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं त्या दिवशी सकाळी गच्चीवर शूट ठरवलं. वर्गातली माझी मैत्रीण, आवाजाच्या कामात सगळ्यांत पक्की, विभागातून कॅमेरा आणि माइक घेऊन गारखेड्याहून आली. तिनं सगळं लावून दिलं, पप्पांच्या सदऱ्याला माइक अडकवला, आणि मी तिला म्हटलं, “तू जा आता.”

“वेडी झालीस का? एकटी करणार?”

“परक्यासमोर ते मोकळे होत नाहीत.”

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की मला ती सकाळ कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, “बटण एकदाच दाब,” म्हणाली आणि गेली.

पप्पा पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसले होते. पांढरे कपडे, दाढी केलेली. ऊन चांगलंच वर आलं होतं. मी कानाला हेडफोन लावले. आवाज येत होता, घोगरा पण स्पष्ट. मग दीड तास ते बोलले. लग्नाचा विधी म्हटला, नामकरणाचा म्हटला, घरात कुणी गेल्यावरचा म्हटला. प्रत्येकानंतर दम लागायचा, मी थांबवायची, कोमट पाणी द्यायची, कॉलर नीट करायची, परत सुरू करायची. आजोबांनी त्यांना शेतातल्या विहिरीवर उभं करून, पलीकडच्या बांधावरून ‘ऐकू येईना’ असं ओरडत कसं शिकवलं, ते सांगताना ते हसले. शेवटी त्यांचा आवाज अगदी कुजबुजीवर आला तेव्हा मी कॅमेरा बंद केला. मला वाटलं, आता काही झालं तरी हे माझ्याकडे आहे. खाली येऊन मम्मीला मिठी मारली. ती म्हणाली, “बाजूला सर, पोळ्या करायच्यात मला.”

संध्याकाळी पप्पा वॉर्डात दाखल झाल्यावर मी मैत्रिणीच्या खोलीवर गेले, कार्डवरचं सगळं संगणकावर उतरवून घ्यायला. सात तुकडे होते. सगळे मिळून अकरा मिनिटं.

पहिल्या तुकड्यात पप्पा खुर्ची सरकवतायत. दुसऱ्यात मी पाणी देतेय. तिसऱ्यात माझा हात कॉलरवर. पुढचे मी लावलेच नाहीत. मैत्रिणीला काही सांगावं लागलं नाही, तिनं आधी ओळखलं. कॅमेऱ्याचं बटण एकच असतं, एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. अगदी सुरुवातीला मी तपासायला म्हणून दाबलं आणि बंद करायचं राहिलं. उन्हात पडद्यावरची खूण दिसत नव्हती. हेडफोनमध्ये आवाज तर रेकॉर्डिंग बंद असतानाही येतो. मग ‘सुरू’ म्हणून दाबलं तेव्हा ते बंद झालं, ‘बंद’ म्हणून दाबलं तेव्हा सुरू. दीड तास उलटं चाललं. विधीतला एक शब्द नव्हता, आजोबा नव्हते, विहीर नव्हती. होती ती फक्त मधली मोकळी जागा. आमच्याकडे नवशिक्यांच्या हातून ही चूक कधीतरी होते, म्हणूनच तर ती रीत. विचारायचं, आणि दुसऱ्यानं बघून सांगायचं.

मैत्रीण म्हणाली, “अजून रात्र आहे. रेकॉर्डर घेऊन जा. थोडंसं तरी म्हणतील.”

मी रेकॉर्डर पिशवीत घालून वॉर्डात गेले. पप्पा पलंगावर बसले होते. मम्मी खाली चटईवर डबे आवरत होती. सकाळच्या बोलण्यानं घसा सुजला होता आणि नर्सनं बोलू नका म्हणून बजावलं होतं. मला बघून त्यांनी हातानंच जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, “बरं आलं का?”

त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मी पिशवीची चेन परत लावली. म्हटलं, “लई भारी आलं, पप्पा.”

“मग झालं,” म्हणाले.

सकाळी त्यांना आत नेलं. ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले होते तसंच.

त्यानंतर आमच्या घरात वही आली. दुरेघी, शाळेतल्या मुलांची असते तशी, दोरीला पेन बांधलेलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. ते त्यांनी दोन दिवस वापरलं. त्यातून सगळ्यांचा आवाज सारखाच निघतो. तिसऱ्या दिवशी कपाटात ठेवून दिलं. वहीत जे यायचं ते वाचून मला सुरुवातीला कळेना की काय चुकतंय. मग लक्षात आलं. पप्पा लिहिताना शाळेत शिकवलेलं मराठी लिहितात. ‘लई’ लिहीत नाहीत, ‘खूप’ लिहितात. ‘मला पाणी हवे आहे.’ ‘तू जेवलीस का?’ जन्मभर “जेवलीस व्हय गं” म्हणणारा माणूस. मी आणि मम्मी वहीतलं मोठ्यानं वाचून दाखवायचो तेव्हा घरात कुणीतरी अनोळखी पाहुणा बोलतोय असं वाटायचं. आवाज जाणार हे आम्हाला माहीत होतं. त्याच्याबरोबर त्यांची भाषाही जाईल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

लग्नं लावायला आता दुसरे एक जण येतात. चांगले आहेत. पप्पा मागच्या खुर्चीवर बसतात आणि मागं म्हणायची वेळ आली की त्यांचे ओठ हलतात.

दोन महिन्यांनी सरांनी फिल्मबद्दल विचारलं. माझ्याकडे दाखवायला फक्त ती अकरा मिनिटं होती. आमच्याकडे शूट केलेलं कच्चं काम सगळ्यांनी मिळून हॉलमध्ये बघायचं असतं आणि ते चालू असताना ज्यानं केलं त्यानं तोंड उघडायचं नाही, खुलासे द्यायचे नाहीत. मी पडदे ओढले आणि लावलं. तोवर मी पहिल्या तीन तुकड्यांच्या पुढं कधी गेलेच नव्हते, धीर झाला नव्हता. काळोखात, वर्गाबरोबर, मी ती पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

तुकडा चौथा. मी चौकटीत नाही. पप्पा कॅमेऱ्याकडे बघतायत आणि म्हणतायत, “बेटा, तुला एक सांगायचं व्हतं.” आणि माझा आवाज, घाईचा, चिरका, “थांबा हो पप्पा, अजून सुरू नाही.” क्लिक.

तुकडा पाचवा. “हां, तर मी काय म्हणायलो…” माझा आवाज, “एक मिनिट, एक मिनिट, सुरू झालं की बोला.” क्लिक.

सहावा. या वेळी ते नुसते मान हलवतात. तोंड उघडतात, माझ्याकडे बघतात आणि मिटतात. सातव्यात पाणी पितात.

दिवे लागले. सर अजून पडद्याकडेच बघत होते. मग म्हणाले, “ही फिल्म आहे.”

“फिल्म नाही, माझा बाप आहे तो,” मी म्हटलं. मी ओरडले खरं तर. सरांसमोर तसं कुणी बोलत नाही.

सर रागावले नाहीत. “त्यांना ऐकवलंस का?” एवढंच विचारलं.

नाही म्हटलं. तिथंच सगळ्या वर्गासमोर सांगितलं की त्यांना अजून वाटतंय सगळं आलंय म्हणून. सर म्हणाले, “मग आधी घरी जा.”

पुढं मी ती फिल्म केली नाही, दुसऱ्याच विषयावर दिली, ती बरी झाली आणि पदवी मिळाली, हे इथंच सांगून टाकते. त्याचं आता काही महत्त्व नाही.

रविवारी दुपारी मम्मी शेजारी गेली होती. मी पप्पांच्या समोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. बटणाचं सांगितलं, विधी त्यात नाहीत हे सांगितलं, वॉर्डात खोटं बोलले हे सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. पप्पा ऐकत होते. मग त्यांनी बोटानं लॅपटॉप दाखवला. लाव.

मी लावलं. स्वतःचा आवाज त्यांनी मान जरा तिरकी करून ऐकला, लोकांचं गाऱ्हाणं ऐकायचे तसा. चौथ्या तुकड्याला मी डोळे मिटून घेतले. संपल्यावर त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, ‘पुढे लाल दिवा होता. तू थांब म्हणायचीस तेव्हा लागलेला असायचा. मी विधी म्हणायला लागलो की विझायचा.’

कॅमेऱ्याच्या तोंडावर खरंच एक बारीक लाल दिवा असतो, समोरच्या माणसाला दिसणारा. मागं उभं राहणाऱ्याला तो दिसत नाही. दीड तास तो त्यांच्यासमोर होता. आयुष्यभर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या माणसाला, कुठला चालू आणि कुठला बंद, हे मी सांगायची गरज नव्हती.

“मग सांगितलं कामून नाही, पप्पा?”

त्यांनी लिहिलं, ‘तू दोन वर्षे शिकलीस. मला वाटले, तुमच्यात असेच असते.’ आणि खाली, जरा थांबून, ‘दिवा लागलेला असताना बोललो तर तुझ्याजवळ राहील, म्हणून बोलत होतो.’

म्हणजे विधी जाणार हे त्यांना कळलं होतं. ते जाऊ दिले होते त्यांनी, दुसरा कुणीही म्हणेल ते. जे ठेवायचं होतं ते चालू दिव्यात ठेवायला बघत होते, आणि मी त्यांना दोनदा थांबवलं.

मी विचारलं, “काय सांगायचं होतं?”

पप्पांनी पेन कागदावर टेकवलं. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांनी ‘बेटा’ लिहिलं, त्याकडे बघितलं आणि खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. मग वही माझ्याकडे फिरवून खाली सावकाश लिहिलं, ‘ते बोलायचे होते. लिहिता येत नाही.’